खोबऱ्याचा तुकडा

देवावर माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, राहुरीजवळच्या आमच्या गावात खंडोबापुढे खोबरं-भंडारा उधळला, तेव्हा माझी तीन वर्षांची सुमी तोंडात खोबऱ्याचा तुकडा धरून खदाखदा हसत होती. एकदम ठसका लागला, पोर निळी पडली, मग सावरली. पण तेव्हापासून तिच्या छातीत शिट्टी वाजू लागली, ताप चढला. मी घसा फोडून सांगत होते, तुकडा श्वासात गेलाय. सासूबाई म्हणाल्या, "देवाचा परसाद हाय त्यो. परसादानं कुनाचं वाईट हुतं व्हय? जिरंल आपसूक." सगळं घर त्यांच्याच बाजूचं. प्रसाद बाधला म्हणून डॉक्टर गाठायचा, म्हणजे देवाला नावं ठेवणं! पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, तेव्हा माझं डोकंच फिरलं. तिला पदरात गुंडाळलं आणि कुणाला न विचारता नगरची यष्टी धरली. वाटभर खंडोबाला शिव्या घातल्या. लेकराच्या जिवाशी खेळतोस, लाज नाही वाटत मेल्या?

नगरच्या डॉक्टरांनी छाती तपासली. उजवीकडे वाराच जात नव्हता. म्हणाले, पुण्याला न्या, कदाचित छाती उघडावी लागेल. पण वाटेत टिकेल का, सांगता येत नाही. मी तिथंच ओरडले, "मग काय देवळात परत नेऊ हिला?" तेव्हा शेजारी चहा घेत बसलेले पाहुणे उठले. ते पुण्याचे, मुलांच्या छातीचे डॉक्टर. औरंगाबादला एका मुलाला तपासून परतताना या डॉक्टर मित्राकडे थांबले होते. म्हणाले, "माझी दुर्बीण गाडीत आहे. तोंडातून तिची बारीक नळी श्वासनळीत घालू आणि चिमट्याने तुकडा ओढू. छाती फाडायला नको. पण धोका आहे, श्वास थांबू शकतो."

ऑपरेशनच्या खोलीच्या दारात माझे हात सुटेनात. "बाई, तुम्ही धरून ठेवलंत तर मला काहीच करता येणार नाही," ते म्हणाले. मग सोडली. मनात खंडोबाला म्हटलं, घे, तुझीच आहे, काय करायचं ते कर! भक्तीनं नाही, संतापानं म्हटलं.

बऱ्याच वेळानं आतून सुमी बोंबलली. कितीतरी दिवसांनी पोरीला मोठ्यानं रडण्याएवढा दम पुरला होता. शरण जायला मन शांत लागतं म्हणतात. माझं कुठलं शांत? रागानं पुढे केलेलंही त्यानं घेतलं आणि धडधाकट परत दिलं. मी दारातच फतकल मारून ढसाढसा रडले. त्याला म्हटलं, देवा, तुझे पाय धरते. पण पुन्हा माझ्या पोरीच्या वाटेला गेलास तर बघ.