सामाईक विहीर

पिंप्राळ्यातलं घर रंगवायला काढलं, तेव्हा माळ्यावरच्या डब्यात जुनी हार्ड डिस्क सापडली. डब्याला डांबरगोळ्यांचा वास होता. त्या वासासरशी ती दुपार आठवली. मी आणि धाकटा भाऊ संजू घरातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवरून भांडत होतो. मला टायपिंगच्या कामासाठी विंडोज हवं होतं, त्याला लिनक्स.

"दादा, लिनक्स सगळ्यांचं आहे. आत काय आहे ते उघडून बघता येतं," तो परत परत सांगत होता.

वडील, म्हणजे नाना, पाचोऱ्याकडच्या गावाहून आलेले. सुपारी कातरता कातरता म्हणाले, "वावर वाटी ल्या. पन विहीर दोन्हीसनी राहू द्या. विहीर कोनी वाटस का?"

संजू हसला आणि त्यानं डिस्कचे तीन भाग केले. एक माझा, एक त्याचा आणि तिसरा दोन्ही सिस्टिममधून उघडेल असा. त्याचं नाव ठेवलं 'विहीर'. गाणी, फोटो सगळं तिथंच. आणि उठताना प्रत्येकानं तिथं एक चिठ्ठी टाइप करून सोडायची, गावी विहिरीवरची मोटर बंद करून पुढच्याला पाण्याची पाळी सांगतात तशी.

नाना वारल्यावर आम्ही खरंच वावर, म्हणजे गावचं शेत, वाटून घेतलं, आणि भांडलो ते नेमके विहिरीवरून. सहा वर्षं झाली, बोलणं नाही.

आज ती डिस्क लॅपटॉपला जोडली. आमच्या दोघांचे भाग खराब झाले होते, ते काही उघडले नाहीत. विहीर तेवढी उघडली. सगळ्यात शेवटी संजूची चिठ्ठी होती: "दादा, मोटर बंद केली. आता तुझी पाळी."