वृंदाचा फोन, होता तसा

माझ्या बायकोला माझ्याबद्दल बहुतेक सगळं ठाऊक आहे. मी कुठे घाबरतो, कुठे फुशारकी मारतो, कुणासमोर मुद्दाम हिंदीत बोलतो — सगळं. हे मात्र ठाऊक नाही. कुणालाच नाही. स्वतःला सांगितलंय, पण तेसुद्धा थोडं कापून, थोडं शिवून, मला अंगाला बसेल असं करून. आज न कापता सांगायचा प्रयत्न करतो. जमेल का? — बघू.

आम्ही मूळचे अकोल्याचे. नोकरीने लखनऊला, गोमती नगरात आणून टाकलं. फोनची बटणं जाऊन काच आली, त्यानंतरची ही वर्षं. तेव्हा कंपन्या फोन विकून मोकळ्या व्हायच्या. वर्षा-दोन वर्षांत त्याला नवी सिस्टम मिळायची बंद व्हायची आणि फोन रखडायला लागायचा. मग माझ्यासारखे लोक त्यात दुसरी सिस्टम टाकायचे, जगभरच्या हौशी मंडळींनी बनवून इंटरनेटवर ठेवलेली. ती टाकायची तर फोन आधी पूर्ण पुसावा लागतो. म्हणून सगळ्या ॲप्सचा, त्यांच्यातल्या माहितीसकट, बॅकअप घ्यायचा. नवी सिस्टम बसली की तो परत घालायचा.

सांगायला सोपं आहे, पण करायला डोकं लागतं. माझ्या हाताखालून गेलेला फोन परत मिळाला की मालकाला काहीच हरवल्यासारखं वाटायचं नाही. ॲप्सची चित्रं होती त्याच जागी. अर्धवट लिहिलेला निरोपसुद्धा तसाच. मराठी मंडळात मला सगळे 'डॉक्टर' म्हणायचे आणि गणपतीत आरती संपली की प्रसादाआधी लोक माझ्यासमोर आपापले फोन धरायचे. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

या मंडळात मला नेलं शिरीषने. ऑफिसात तो माझ्या वरच्या जागेवर; घर त्यानेच शोधून दिलं, मुलीच्या शाळेत शब्द त्यानेच टाकला. परक्या गावात जे जे मला आपलं वाटलं, ते त्याच्याच ओळखीने आलेलं होतं. मृदू बोलणारा माणूस. आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. आणि बायकोवर त्याचं केवढं लक्ष! जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता फोनकडे बघायचा आणि म्हणायचा, वृंदा शाळेतून निघाली. किंवा — आज निशातगंजच्या बाजारात थांबलेली दिसतेय. वहिनींना शिंक आली तरी तुला इथे कळतं, अशी आम्ही त्याची चेष्टा करायचो. तोही हसायचा.

त्याला कसं कळायचं? — असं आमच्यापैकी कुणी विचारलं का? मी विचारलं का? मी, ज्याला फोनच्या पोटातलं सगळं दिसतं?

वृंदा लखनऊचीच. वडील रेल्वेत होते, त्यामुळे जन्म आणि शाळा इथलीच; मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत घसरायची. निशातगंजच्या एका शाळेत शिकवायची. मला दादा म्हणायची. मे महिन्याच्या उन्हातही पूर्ण बाह्यांचे कुर्ते घालायची, हे माझ्या बायकोने हेरलं होतं. एकदा तिने मला असंही सांगितलं की ही मुलगी आधी नवऱ्याकडे बघते आणि मग हसते. तुझं आपलं काहीतरीच, असं म्हणून मी तो विषय झटकून टाकला.

एका रविवारी सकाळी वृंदा एकटीच आली. फोन सारखा तापतो, दुपारपर्यंत बॅटरी संपते, नवी सिस्टम टाकून द्या म्हणाली. फोटो आणि नंबर तेवढे सांभाळा.

"बाकी जे तुम्हाला फालतू वाटेल ते परत टाकूच नका, दादा." मग चपला घालता घालता थांबली. "आपको तो सब दिखता होगा ना, अंदर क्या-क्या है?"

दिसतं की, मी म्हणालो. डॉक्टरच ना मी. ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली, मग गेली. ती नुसतं बोलत होती की विचारत होती? मी यावर इतका विचार केलाय की आता तिचा तो चेहरा खरा आठवतो की मी बनवलाय, हेही कळत नाही.

बॅकअपला बसलो. यादी समोर आली — निरोपांचं ॲप, कॅमेऱ्याचं, बँकेचं, एक पाककृतींचं. आणि मध्येच एक 'सिस्टम सर्व्हिस' नावाचं. नाव सिस्टमचं, पण ते सिस्टमच्या भागात नव्हतं, कुणीतरी हाताने टाकलेलं होतं. त्याला पडद्यावर चित्र नव्हतं, म्हणजे फोन उघडून बघणाऱ्याला ते दिसलंच नसतं. कशाकशाची परवानगी आहे ते पाहिलं. वृंदा कुठे आहे ते. कुणाशी बोलते, काय लिहिते ते. माइकसुद्धा. त्याच्या माहितीत डोकावलो, तर हे सगळं जिथे पोचत होतं तो ईमेलचा पत्ता होता. शिरीषचा. ऑफिसात रोज बघायचो मी तो.

फोन का तापत होता, ते कळलं.

आता इथे माझी शिवलेली गोष्ट येते. ती अशी — मी दचकलो, मन थाऱ्यावर नव्हतं, फोन पुसला, नवी सिस्टम टाकली, आणि सवयीने 'सगळं निवडा' दाबून सगळा बॅकअप परत घातला. त्या लोंढ्यात तेही आलं. चूक झाली. घाईत होतं असं कुणाकडूनही.

कित्येक वर्षं मी ही गोष्ट घेऊन झोपलो आहे. ती खोटी आहे.

खरं असं की फोन पुसून झाला होता, नवी सिस्टम बसली होती, कोरी, स्वच्छ. तिच्यात ते ॲप नव्हतं. वृंदा त्या घटकेला मोकळी होती — लग्नानंतर बहुधा पहिल्यांदा — आणि तिला ते ठाऊकही नव्हतं. काहीच करायचं नव्हतं मला. नुसतं सोडून द्यायचं होतं. आमच्या कामाचा नियमच आहे की जुन्या सिस्टमच्या नावाचं काही नव्या सिस्टममध्ये परत घालू नये, घातलं तर फोन अडखळतो. शिरीषला एवढंच सांगायचं, की बाबा, ते नव्यात चालत नाही. त्याला काय कळणार होतं?

तेवढ्यात त्याचा फोन आला. शेवटची खबर माझ्या घरातून गेली आणि मग थांबली असणार. आधी इकडचं तिकडचं, मुलीच्या परीक्षेचं. मग तशाच मृदू आवाजात म्हणाला, "तुला दिसलंच असेल. सगळं होतं तसं टाक."

मी वृंदाचा फोन टेबलावर उपडा ठेवला.

"घरातली गोष्ट आहे रे. तू घरचाच."

मी हो म्हणालो. धमकी नव्हती त्यात. असती तर आज मला सांगायला बरं पडलं असतं. मला फक्त त्याचं मन मोडायचं नव्हतं. गणपतीत त्याच्या शेजारी उभं राहायचं होतं.

आणि 'सगळं निवडा' मी दाबलं नाही. बाकीची ॲप्स आधी एकेक करून घातली. हे एकटं निवडलं, माहितीसकट, म्हणजे शिरीषचा पत्ताही आपोआप आत आला. पण एवढ्याने ते चालत नाही. असं ॲप उठलं की विचारतं — मला या फोनचा ताबा हवाय, देऊ का? काय काय करता येईल तेही स्पष्ट लिहिलेलं असतं. ते कुणीतरी वाचून, बोटाने, मंजूर करावं लागतं.

मी वाचलं. मी मंजूर केलं.

संध्याकाळी वृंदा फोन न्यायला आली. नव्या सिस्टमची चकचकीत चित्रं बघून खूश झाली, बायकोने केलेले पोहे खाल्ले. काही दिवसांनी मंडळात भेटली तेव्हा म्हणाली की तापणं काही गेलं नाही. नव्या सिस्टमला बसायला वेळ लागतो, असं मी तिला सांगितलं. सहज निघालं तोंडातून. तिने मान डोलावली. माझ्यावर विश्वास होता तिचा.

हिवाळ्यात ती शिरीषला सोडून घरातून निघाली. शाळेतल्या नाहिद नावाच्या एका मैत्रिणीलाच तेवढं ठाऊक होतं. नाहिदचं घर कानपूर रोडवर, सरोजिनी नगरात. रात्र तिथे काढायची, सकाळी बसने कानपूर गाठायचं आणि तिथून भावाकडे जबलपूर. लखनऊच्या चारबाग स्टेशनवर कुणीतरी ओळखीचं भेटतंच, म्हणून हा वळसा. सगळा विचार केला होता बिचारीने. शिरीषचा फोन घ्यायचा नाही, हेही ठरवलं होतं. फोन मात्र पर्समध्ये होता, चालू.

जेवणं व्हायच्या आत शिरीषची गाडी नाहिदच्या दाराशी उभी होती. तो ओरडला नाही. आत आला, आदाब म्हणाला, नाहिदच्या अब्बूंनी दिलेला चहा प्यायला, आणि कप खाली ठेवून वृंदाला म्हणाला, चल. ती उठली. नाहिदच्या घरच्यांना तो फार सभ्य वाटला.

सोमवारी ऑफिसात त्याने माझ्या टेबलावर चहाचा ग्लास ठेवला आणि म्हणाला, "तुझं काम पक्कं असतं."

बस, एवढंच. तो चहा मी प्यायलो.

वृंदाची शाळेतली नोकरी सुटली. फोन शिरीषने काढून घेतला. तिची स्कूटरही त्याने विकून टाकली. गिऱ्हाईक मीच बघून दिलं होतं, म्हणून मला माहीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती मंडळात आली तेव्हा हाताला प्लॅस्टर होतं. स्कूटरवरून पडले, असं ती बायकांना सांगत होती. मी तिळगूळ वाटत होतो. ऐकलं आणि पुढच्या माणसाकडे वळलो.

पाण्याच्या पिंपाशी ती माझ्याजवळ आली. शिरीष दाराशी कुणाशी तरी बोलत होता. "नाहिदनेच सांगितलं त्यांना, दादा," ती हळूच म्हणाली. "और किसी को पता ही नहीं था." आणि मग तिने माझ्याकडे बघितलं. मी तेव्हाही बोलू शकलो असतो. शिरीष लांब होता. एक वाक्य पुरलं असतं.

"माणसं ओळखू येत नाहीत गं," मी म्हणालो.

हे मी म्हणालो. ॲप परत घातलं त्यापेक्षाही मला याची जास्त लाज वाटते. ते करताना मी भित्रा होतो; हे बोलताना मी कोण होतो? तिच्याजवळ नाहिद हे एकच माणूस उरलं होतं, एकच दार, जे पुन्हा कधी ठोठावता आलं असतं. ते मी बंद केलं. तेही सहानुभूतीच्या आवाजात.

पुढे कधीतरी निशातगंजच्या बाजारात मला नाहिद भेटली. तिनेच मला ओळखलं. वृंदाने माझा फोटो दाखवला होता म्हणे, हे आमचे दादा म्हणून. वृंदा तिला भेटत नव्हती, दारातून परत पाठवलं होतं. भाजीच्या गाड्यांच्या गर्दीत उभी राहून तिने त्या रात्रीचं सगळं सांगितलं आणि सांगता सांगता ती पोरगी रडकुंडीला आली.

"भाईसाहब, उनसे बस इतना कह दीजिए, हमने किसी को नहीं बताया. आपकी बात मान लेंगी."

कह दूँगा, मी म्हणालो. तिने मला तिचा नंबर दिला, वृंदाला द्यायला. दोनदा शुक्रिया म्हणाली. मी घरी आलो. वृंदाला काहीही सांगितलं नाही — त्या आठवड्यात नाही, त्या वर्षी नाही, बदली होऊन आम्ही लखनऊ सोडलं त्या दिवशी ती निरोप द्यायला आली तेव्हाही नाही. शिरीष तिच्या मागे उभा होता. पण तो नसता तरी मी सांगितलं नसतं, हे मला ठाऊक आहे.

ती अजून त्याच घरात आहे, असं कुणाकडून तरी कळतं. नाहिदचं काय झालं, माहीत नाही. दोघींचे तेव्हाचे नंबर माझ्याकडे आहेत. त्यानंतर मी कितीतरी फोन बदलले. दर वेळी नवा फोन हातात आला की सगळ्यात आधी हे दोन नंबर नीट आले की नाही ते बघतो. आलेले असतात. मग फोन खिशात ठेवतो.