आर्डिसला हवी असलेली गाडी

आर्डिस क्वामेने आयुष्यात स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही, आणि याचा तिला गुपचूप अभिमान होता. मी तिची शेजारीण. मला या अभिमानाचा भारी राग यायचा. चर्चच्या जेवणात केकचा शेवटचा तुकडा उरला, तर ती त्यातला अर्धा कापून घेणार, मग उरलेल्याचा अर्धा, पण अख्खा उचलणार नाही.

आमच्या पलीकडचं शेत टेक्सासहून आलेल्या क्लेटनने घेतलं, तेव्हा त्याच्या झाडीत एक जुनी स्टेशन वॅगन निघाली. दोन्ही अंगांना लाकडासारखा दिसणारा पट्टा, पाठीमागे उलट्या तोंडाची सीट आणि बंपरमधून वर आलेलं मनगटाएवढं झाड. आर्डिस तिला पाहून जागीच थबकली. तिची पोरं लहान होती तेव्हा अगदी अशीच गाडी तिच्याकडे होती. पोरं त्या उलट्या सीटवर बसून मागून येणाऱ्यांना वेडावून दाखवायची. एके दिवशी तिच्या नवऱ्याने, ऑर्व्हिलने, ती विकायला काढली. "तुला चालेल ना?" त्याने विचारलं. "चालेल की," ही म्हणाली, आणि गोठ्यात जाऊन रडली.

"मी जरा बघू का हिच्याकडे?" तिने क्लेटनला विचारलं. "उगाच आपलं. चालू होते का ते."

शेतकऱ्याची लेक ती, ट्रॅक्टरवर हात बसलेला. तिने झाड कापलं. हवेच्या गाळणीत उंदरांनी थाटलेला संसार टोपलीत भरून कोठाराशी नेऊन ठेवला. इंजिन जाम होतं, त्यात प्लगच्या भोकांतून तेल ओतून ते मुरत ठेवलं. टाकीतल्या पेट्रोलचा नुसता डिंक झाला होता. कार्बोरेटर तिने माझ्या पातेल्यात भिजत घातला. त्या पातेल्यात मी परत काही शिजवलं नाही. ब्रेकही नवे घातले. कोपरापर्यंत काळी होऊन ती शीळ घालायची. इतक्या वर्षांच्या शेजारात तिला शीळ घालता येते हे मला ठाऊक नव्हतं.

जुलैत एका सकाळी गाडी खोकली, निळा धूर ओकली आणि चालू झाली. आम्ही दोघी म्हाताऱ्या गवतात नाचलो. खोटं कशाला सांगू, मी रडलेसुद्धा.

आवाज ऐकून क्लेटन आला. "कमाल केलीत, आर्डिसबाई. घेऊन टाका तुम्हीच. मला काय करायचीय?"

"छे छे, नको."

"बरं," म्हणून तो निघून गेला.

आता आमच्या मिनेसोटात देणाऱ्याने तीनदा घ्या म्हणायचं असतं आणि घेणाऱ्याने दोनदा नको म्हणायचं असतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. क्लेटनला कोण सांगणार? तो मनापासून एकदा विचारतो, आणि नको म्हटलं की नको समजतो. आर्डिस त्याच्या दुसऱ्या विचारण्याची वाट बघत बसली. मग कळलं की काउंटीच्या जत्रेत जुन्या गाड्या एकमेकींवर आदळून चक्काचूर करतात ना, त्या टकरीत क्लेटन हीच गाडी उतरवतोय.

"जाऊन सांग त्याला," मी म्हणाले.

"असं कसं सांगायचं? त्याने विचारायला हवं."

"विचारेल हो. चेंदामेंदा झाल्यावर."

जत्रेच्या दुपारी आम्ही मैदानात पोचलो, तेव्हा क्लेटनने गाडीच्या दारावर लाल रंगात भला मोठा आकडा काढून ठेवला होता. टकरीत काच चालत नाही, म्हणून काचा फोडायला हातात हातोडा. आर्डिस माझ्याजवळ उभी राहून पर्सचा पट्टा पिळत होती. त्याने मागच्या काचेवर हातोडा उगारला.

"थांबा," ती म्हणाली. मलाच जेमतेम ऐकू आलं. मग ती तडक चालत गेली आणि काचेला पाठ लावून उभी राहिली. "क्लेटन, ही गाडी मला हवी आहे. पहिल्या दिवसापासून हवी होती."

त्याने हातोडा खाली घेतला. "अहो, मग मी देत होतो तेव्हा नको का म्हणालात?"

"तुम्ही पुन्हा विचाराल म्हणून."

तो बिचारा बघतच राहिला. "तुम्ही लोक एकमेकांच्या घरी पोटभर जेवता तरी कसे?" असं म्हणून तो हसायला लागला आणि त्याने किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. आर्डिसने पटकन मूठ मिटली. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे क्लेटनचा मुका घेतला.

तेवढ्यात ऑर्व्हिल भाजलेली कणसं घेऊन आला. प्रकार त्याच्या लक्षात आला, आणि जन्माच्या सवयीने तो ड्रायव्हरच्या दाराशी जाऊन किल्लीसाठी हात पुढे करून उभा राहिला.

"तिकडून बस, ऑर्व्हिल," आर्डिस म्हणाली. "मी चालवणार आहे."

तो कणसं सांभाळत पलीकडे गेला, आत बसला. "कुठे जायचंय?"

"मला हवं तिथे."