मिशीची हमी

माले फाट्यावर नथूचं पत्र्याचं दुकान आहे आणि त्याला लागूनच विलासचं केशकर्तनालय. मधल्या पत्र्याला एक भोक पडलंय. त्यातून दोघं दिवसभर एकमेकांची टर उडवत असतात. नथू चपला सांधतो, बॅगांच्या चेनी बसवतो, पण त्याचा जीव रमतो तो बुटांत. घोट्याच्या वर येणारे, जाड सोलचे, डोंगरात चार-चार पावसाळे काढणारे बूट. फार्महाऊसवरचे रखवालदार, गड चढायला येणारी पुण्याची पोरं, बंगलेवाले, सगळे त्याच्याकडेच येतात.

बूट हातात देताना तो आधी निगा कशी राखायची ते ऐकवतो. "वल्ला बूट चुलीवर टांगायचा न्हाई, कातडं तडकतं. आत भाताचं तूस भरून ठिवा, पानी वडून घेतं. मग एरंडेल चोळा." मग मिशीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "आन माजा बूट चावला तर येऊन सांगा. ही मिशी हितल्या हितं उतरवीन."

मिशी होतीही तशीच. गालावर चढलेली, टोकाला वळलेली, एरंडेलाचा हात तिलाही मिळायचा. इतक्या वर्षांत एकही माणूस तक्रार घेऊन आला नाही, आणि नथूला त्याचा कोण गर्व! विलास भोकातून विचारायचा, "काय रं, वस्तऱ्याला धार लावून ठिवू का?"

"गंजंल तुजा वस्तरा," नथू म्हणायचा.

त्याचा आणखी एक हेका होता. भातलावणीच्या दिवसांत तो कुणाच्या पायाचं माप घ्यायचा नाही. दिवसच्या दिवस चिखलात उभं राहून पाय फुगतात, पसरतात. तेव्हा माप घेतलं की दिवाळीत बूट सैल होतो, आणि सैल बूट टाच खातो. कोळवणचा रामदास एकदा लावणीतून थेट माप द्यायला आला, तर नथूनं त्याला उभ्या उभ्या परत धाडला. "दसऱ्याला ये. पाय घेऊन ये, भोपळं नको."

आणि मग सोनलला नोकरी लागली. नथूची ही एकुलती एक पोर वनरक्षक झाली. निरोप आला तो नेमका लावणीच्या दिवसांत. ती गुडघाभर चिखलानं माखून घरी आली आणि नथूला काही म्हणजे काही सुचेना. त्यानं स्वतः तिचे पाय धुतले, पुठ्ठ्यावर ठेवले आणि भोवती पेन्सिल फिरवली.

सोनलची आई म्हणाली, "अवो, लावणी चाललीया न्हवं?"

"माज्या पोरीचा पाय मला ठावं न्हाई व्हय?" नथू म्हणाला. बाईमाणूस काहीतरीच बोलतं, अशा थाटात त्यानं कातडं कापायला घेतलं.

सोनल बूट घालून घाटाकडच्या जंगलात रुजू झाली आणि दिवाळीला घरी आली. नथूनं दारातच विचारलं, "चावतो का गं?"

"छे, अण्णा. मऊसूत हाय."

झालं! ते मऊसूत प्रकरण संध्याकाळपर्यंत अख्ख्या फाट्याला ऐकावं लागलं. वर पोरगी बुटाला एरंडेलही स्वतःच चोळायची, बापाला हात लावू द्यायची नाही. नथूला वाटलं, रक्तातच आहे कसब. भाऊबीजेच्या सकाळी ती चपला घालून मैत्रिणीकडे गेली, तेव्हा त्यानं कौतुकानं बूट मांडीवर घेतला आणि आत हात घातला.

टाचेपाशी जुन्या शालीच्या तुकड्याची घडी दाबून बसवलेली होती. ती उचलली तर खाली कातडं काळं पडून कडक झालेलं. रक्त वाळलं की कातडं तसं होतं, हे नथूला कुणी सांगायला नको होतं. दुसऱ्या बुटातही तेच.

आतून एक मऊ पट्टी चिकटवली असती तर काम भागलं असतं. कुणाला कळलंही नसतं. खोटं कशाला बोला, नथूनं पट्टी कापायलाही घेतली होती. पण पोरगी त्या टाचांनी डोंगर चढत होती आणि घरी येऊन हसत होती, हे मनात आलं आणि त्याला रडूच फुटलं. तो उठून विलासच्या खुर्चीत जाऊन बसला.

"काढ."

विलासनं बूट पाहिले आणि त्याची थट्टा कुठल्या कुठे गेली. "जाऊ दे रं नथू. घरातलंच हाय."

"काढ म्हंतो न्हवं!"

सोनल धावत आली तोवर डावी बाजू गेली होती. "अण्णा, ह्याच्यापायी तर बोलले न्हाई मी! तुमची मिशी जाईल म्हणून..."

"मिशी येती गं परत," नथू आरशात न बघता म्हणाला. "तू मला खरं सांगायची न्हाईस, तर मी बूट कुनाला इचारून शिवू?" मग विलासकडे वळून म्हणाला, "बघत काय ऱ्हायलास? अर्धी घेऊन हिंडू व्हय?"

बातमी घाटापर्यंत पोचली. तिसऱ्या दिवशी रामदास आला. नथूचा मोकळा ओठ त्यानं नीट निरखला आणि खात्री पटल्यावर पिशवीतून बूट काढले. "न्हाई, म्हंजे आता सांगायला हरकत न्हाई. डाव्याची करंगळी दाबतीया. लई दिसांपासनं."

मागोमाग कासार आंबोलीच्या बंगल्यातल्या हेमलताबाईंची गाडी थांबली. "बूट सुरेखच आहेत हो, पण वरची कड घोट्याला घासते. तुमच्या मिशीकडे बघून बोलवत नव्हतं." मग दोघे रखवालदार आले. मग तर रांगच लागली.

नथू आधी लालबुंद झाला. आपला हात चोख आहे म्हणून लोक गप्प आहेत, असं तो समजत होता, आणि इथे सगळा मुलूख त्याची मिशी सांभाळत बसला होता! मग त्याचं त्यालाच हसू आलं. त्यानं रामदासचा बूट ओला करून पायाच्या आकाराच्या लाकडी फर्म्यावर ताणला, हेमलताबाईंच्या बुटाची कड सोडवून आत मऊ कातडं भरलं. ओठावर खुंट दिसले की तो आपणहून विलासच्या खुर्चीत जाऊन बसायचा.

"वाढव की आता," विलास म्हणायचा.

"नको. लोकं बोलायची बंद व्हतील."

भात झोडून झाल्यावर त्यानं सोनलचं नव्यानं माप घेतलं. संक्रांतीला ती आली, नवे बूट घालून फाट्याच्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. नथू दारात उभा होता. विलासनं भोकाला डोळा लावला होता.

"सांग," नथू म्हणाला.

सोनलनं क्षणभर बापाच्या बोडक्या ओठाकडे पाहिलं. "उजवा झ्याक हाय. डाव्यात अंगठा टेकतोय, अण्णा."

"लई?"

"लई."

नथूनं तिथंच बसून तिच्या पायातला बूट ओढून काढला आणि भोकाकडे तोंड करून ओरडला, "ऐकलंस का रं विलास? चावतोय म्हंती!"

इतक्या आनंदानं असली बातमी त्या फाट्यावर आजवर कुणी दिली नव्हती.