फ्लास्कमधलं विरजण

एमएस्सी केमिस्ट्रीच्या दोन वर्षांत काय शिकलीस, असं कुणी विचारलं तर मी चार रिॲक्शनची नावं सांगून मोकळी होते. खरं सांगायचं तर ती दोन वर्षं मी एका मुलीवर जळले. मन लावून, एकही सुटी न घेता.

ती भुईगावची. घरची वाडी, वाडीत केळी आणि सोनचाफा. सकाळी स्कूटीवरून वसईला कॉलेजात आली की आधी मॅडमच्या टेबलावर ओंजळभर चाफा ठेवायची आणि मगच ॲप्रन चढवायची. आम्ही विरारचे वन बीएचकेवाले. मी काय ठेवणार होते, सोसायटीच्या मीटिंगची नोटीस? पण चाफ्याचं एक वेळ सोडा, तिच्या हाताचं काय करायचं? आम्ही सगळे तासन् तास खपायचो आणि फ्लास्कमध्ये चिखल मिळवायचो. तिच्या फ्लास्कमध्ये मात्र पांढरेशुभ्र क्रिस्टल पडायचे. विचारलं तर म्हणायची, "अगं, आपोआप येतात." आपोआप म्हणे! माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

तिसऱ्या सेमिस्टरला मॅडमनी सांगितलं की गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात प्रोजेक्टसाठी एक जागा आहे. तिथे प्रोजेक्ट केला की सहसा नोकरीही तिथेच लागायची. जागेसाठी त्यांनी आम्हा दोघींना निवडलं आणि एकच संयुग बनवायला दिलं. जिचा माल शुद्ध आणि वजनाला जास्त, ती जाणार. मला ती जागा हवीच होती. आईने माझे साडीतले फोटो काढून तयार ठेवले होते, आणि नोकरी लागली तरच स्थळं बघायचं थांबवू, असं बाबांनी कबूल केलं होतं. तिला काय, वाडी होतीच, असं मी स्वतःला बजावत होते.

रिॲक्शन ऐंशी अंशांवर ठेवायची होती, वर गेली की माल करपणार. दुपारी तिच्या आईचा फोन आला. "जरा बघशील? वाढलं तर हॉटप्लेट कमी कर," असं म्हणून ती बाहेर पॅसेजमध्ये गेली आणि त्यांच्या घरच्या बोलीत बोलायला लागली. मी बघितलं. अगदी नीट बघितलं. पंच्याऐंशी. नव्वद. पंच्याण्णव. हॉटप्लेटचं बटण वीतभर अंतरावर होतं आणि माझे दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात होते. ते मी बाहेर काढले नाहीत.

ती परत आली तेव्हा फ्लास्कमध्ये काळा चहा झाला होता. "फोन घ्यायलाच नको होता मी," एवढंच म्हणाली. मग कोळशाची पूड घालून, पुन्हा पुन्हा गाळून, बाईने त्यातूनही पांढरे क्रिस्टल काढलेच. पण वजन निम्म्यावर आलं.

म्हणजे जागा माझीच. पण कसलं काय, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! माझी रिॲक्शन झाली झकास, पण क्रिस्टल काही पडेनात. फ्लास्कच्या तळाशी काकवीसारखं घट्ट तेल. बर्फात ठेवलं, काचेच्या कांडीने आतून खरवडलं, देवाचं नाव घेतलं. दोन दिवस ते तेल ढिम्म हललं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी माल दाखवायचा होता आणि सकाळी मी रडकुंडीला येऊन बसले होते.

ती माझ्या टेबलाशी आली. चमच्याच्या टोकावर तिच्या क्रिस्टलचा एक कण होता. "थांब, विरजण लावू," म्हणाली आणि शेजारणीच्या दुधात दही घालावं तसा तो कण तिने माझ्या तेलात सोडला. मी मागितलंही नव्हतं. त्या कणाला बारीक काटे फुटले, काट्यांना आणखी काटे, आणि दहा मिनिटांत अख्खा फ्लास्क पांढरा झाला. वजन तिच्या दुप्पट भरलं. मॅडम म्हणाल्या, "शाब्बास!" मी आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या आणि मान खाली घालून थँक्यू म्हणाले.

संध्याकाळी तिला स्कूटीपाशी गाठलं. "त्या दिवशी तुझं टेम्परेचर वाढताना मी बघत होते," मी कसंबसं म्हटलं.

"माहितीये. दाराच्या काचेतून दिसत होतीस. आई फोन सोडेना आणि मला वाटत होतं, आता करेल कमी, आता करेल."

"मग मला कशाला दिलंस आज?"

"विरजणाला कोण नाही म्हणतं गं?" तिने हेल्मेट चढवलं आणि गेली.

लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण रिक्षात बसल्यावर. तिथे उभी होते तेव्हा मला फक्त तिचा हेवा वाटला. क्रिस्टल हिलाच जमतात, आणि हेही हिलाच जमतं!

आता ती वाडी सांभाळते आणि मी गोखिवऱ्याला नोकरी करते. साडीतले फोटो आईच्या कपाटात पडून आहेत. लॅबमध्ये कुणाचा माल तेलावर अडला की मला बोलावतात. मी जुन्या मालातला एक कण घेऊन जाते आणि अलगद आत सोडते. नव्या मुली डोळे मोठे करून बघतात. "तुमच्या हाताला गुण आहे, मॅडम," असं परवा एक म्हणाली.

"अगं, आपोआप येतात," मी म्हटलं.