मोहेर की नायलॉन

दुकानातल्या तरुणाने दोन पट्ट्या काउंटरवर शेजारी शेजारी पसरल्या आणि “दोन्ही चालतील” असे तो म्हणाला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्याला माल विकायचा असतो तो आग्रह करतो. हा करत नव्हता. याचा अर्थ, एक तर माझी पात्रता त्याच्या लक्षात आली होती, किंवा दोन्ही पट्ट्या सारख्याच निरुपयोगी होत्या.

मी स्की करायला शिकलो तो पन्नाशी ओलांडल्यावर. इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातल्या एका वित्तसंस्थेत इतरांनी बरोबर ठरवलेले हिशेब पुन्हा तपासणे हा माझा पेशा, आणि तो कालांतराने माझा स्वभावही झाला. आधी छपराखालच्या कृत्रिम उतारावर आणि मग आल्प्समध्ये, गुडघ्याएवढ्या मुलांच्या रांगेत उभा राहून मी जेमतेम वळायला शिकलो. ऑफिसातला एक स्कॉटिश सहकारी दर हिवाळ्यात दोघा मित्रांबरोबर केर्नगॉर्मच्या डोंगरांत जातो. ते जातात त्या बाजूला वर नेणारी लिफ्ट वगैरे नाही. स्की पायांत घालूनच डोंगर चढायचा आणि मग घसरत उतरायचा. एकदा चहाच्या वेळी त्याने मला विचारले, “या वर्षी येतोस का?”

मला असे कोणी विचारत नाही. शाळेत संघ निवडताना शेवटी उरणाऱ्यांपैकी मी एक होतो. त्यामुळे त्या प्रश्नामागे काय हेतू असावा याचा मी बरेच दिवस विचार केला आणि हेतू सापडेना म्हणून अखेर होकार दिला.

त्याने त्याच्या भावाच्या स्कीही देऊ केल्या. भाऊ कॅनडाला कायमचा गेलेला. स्की चांगल्याच रुंद होत्या, भुसभुशीत ताज्या बर्फावर तरंगण्यासाठी बनवलेल्या. स्कॉटलंडचा बर्फ वाऱ्याने घासून कडक झालेला असतो असे मी वाचले होते. मग या होड्या माझ्याच गळ्यात का?

“माथ्यावरचा बर्फ वारा उडवतो,” तो म्हणाला, “पण उडवलेला कुठेतरी पडतोच ना? खोलगट जागा भरून जातात. तिथे तू आम्हाला दुवा देशील.” मग सहज जोडल्यासारखे म्हणाला, “स्किन्स मात्र नीट निवड. आपण एकत्र चढतो, एकत्र परततो. एकाच्या स्किन्सनी दगा दिला की चौघेही माघारी.”

त्याने ते हसत सांगितले होते. मी ते निर्वाणीचा इशारा म्हणून ऐकले. माझ्यामुळे तिघांना माघारी फिरावे लागले, तर ‘येतोस का’ हा प्रश्न मला पुन्हा कोणी विचारणार नव्हते.

स्किन म्हणजे स्कीच्या तळाला चिकटवायची लांब पट्टी. तिच्या एका अंगाला गोंद असतो आणि दुसऱ्या अंगाला दाट, आखूड केस. मांजराच्या पाठीवरून हात शेपटीकडे नेला तर सुळकन जातो आणि उलटा नेला तर अडतो, स्कीचे तसेच. पुढे सरकते, मागे घसरत नाही. केस मोहेरचे म्हणजे अंगोरा शेळीचे असतात, नाहीतर नायलॉनचे, किंवा दोन्हींची मिसळण. मी इंटरनेटवरची मते वाचली. ज्यांनी मोहेरची स्तुती केली होती, ते सगळे एकाच सुरात लिहीत होते आणि म्हणून संशयास्पद वाटले. नायलॉनवाले आपापसांत भांडत होते. ते मला थोडे अधिक प्रामाणिक वाटले.

“मोहेर पुढे छान सरकते,” दुकानातला तरुण म्हणाला. “नायलॉन मागे घट्ट धरते. ओल्या बर्फात टिकतेही जास्त.”

“आणि रुंदी?” मी विचारले. अरुंद पट्टी हलकी पडते असे कुठेतरी वाचले होते.

“तुमच्या स्की एवढ्या रुंद, तर पट्टीही तेवढीच हवी. कडक बर्फावर आडवे चालताना तळाचा उघडा भाग टेकला की पाय गेलाच. पूर्ण रुंदीची घ्या, आणि कापताना फक्त दोन्हीकडच्या पोलादी कडा मोकळ्या ठेवा.”

मला पुढे जाण्याची घाई कधीच नव्हती. भीती होती ती मागे घसरण्याची. मी नायलॉन घेतले.

त्या दिवसांत सासूबाई सांगलीहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. आम्हा दोघांत कायम एक सभ्य अंतर असे. त्या मला ‘जावईबापू’ म्हणत आणि त्या शब्दात आदर किती आणि शेरा किती, हे मला लग्नाला इतकी वर्षे होऊनही उमगलेले नाही. मी बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसून स्कीच्या आकाराप्रमाणे पट्टी कापत होतो, तेव्हा त्या चष्मा पुसत येऊन उभ्या राहिल्या.

“हे कातडं कोणत्या जनावराचं म्हणायचं?”

“कातडं नाही, आई. नायलॉन आहे.”

“मग स्किन का म्हणता?”

“पूर्वी सीलच्या कातड्याची असायची, म्हणून.”

“देवघराजवळ ठेवू नका म्हणजे झालं. आणि या वयात हातपाय मोडून घेतलेत, तर माझ्या लेकीला सुट्टी मिळणार आहे का, ते आधी विचारून ठेवा.”

बायको स्वयंपाकघरातून हसली. दोघींचे आधी काही बोलणे झाले असावे, अशी माझी खात्री पटली. त्या दिवसापासून मी स्की गॅरेजात ठेवून कुलूप लावू लागलो आणि चावी खिशात घालून ऑफिसला जाऊ लागलो.

“चोरसुद्धा नेणार नाही त्या,” बायको म्हणाली. “तुझा संशय आईवर आहे, हे तिला कळलंय बरं का.”

“संशय नाही. व्यवस्था आहे.”

स्किन्सना मात्र गॅरेजातला ओलावा सोसत नाही. त्या मी गोंदाला गोंद लावून घडी घालून, पिशवीत भरून, जिन्याखालच्या कपाटात ठेवल्या. गोंदाला धूळ लागू नये म्हणून विनाकारण उघडू नका, असे दुकानदाराने बजावले होते आणि मी ते पाळले.

खंडेनवमीला इथे सुट्टी नसते. मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा गाडीच्या स्टिअरिंगवर, मिक्सरवर, माझ्या लॅपटॉपच्या झाकणावर हळदकुंकवाची बोटे उमटली होती. सासूबाईंनी घरातल्या सगळ्या यंत्रांची यथासांग पूजा केली होती. मी लॅपटॉप पुसला आणि विषय संपला असे मानले. नोव्हेंबरात त्या परत गेल्या.

डिसेंबरात मी पिशवी काढून दोन्ही घड्यांचे टोक वीतभर उलगडून पाहिले. एक स्किन नीट जोर लावल्यावर सुटली. दुसरी मात्र फारच सहज. बस, माझे ठरले: दुकानाने कोणीतरी परत केलेला माल माझ्या माथी मारला. मी अतिशय सौम्य शब्दांत ईमेल लिहिली. लगेच उत्तर आले, की स्किन्स घेऊन या, बदलून देऊ. इतक्या तत्परतेने कोण बदलून देतो? ज्याला आपली चूक ठाऊक आहे तोच. बदली म्हणून असाच दुसरा माल देतील, या शंकेने मी गेलोच नाही.

फेब्रुवारीत एका पहाटे, अंधारातच चाचपडत स्किन्स चिकटवून, आम्ही चौघे केर्नगॉर्मच्या एका खोऱ्यात शिरलो. आभाळ खाली उतरले होते, वारा बेताचा होता. माझ्या नायलॉनमुळे मी सर्वांत मागे, पण पाऊल एकदाही मागे गेले नाही. खिंडीखालच्या कडक उतारावर आडवे चालू लागलो आणि डावी स्की एकाएकी हलकी झाली. खाली पाहिले, तर स्किन शेपटीकडून अर्ध्यापर्यंत सुटून बर्फावर लोळत होती. जे होऊ नये म्हणून मी इतके महिने सगळ्यांवर नजर ठेवली, ते झाले होते.

सहकारी घसरत खाली आला. “बघू,” म्हणून त्याने स्किन उलटी केली. काळसर गोंदावर पिवळसर पट्टा पसरला होता, त्याच्या मध्यावर लालसर ठिपका, आणि त्याभोवती तांदळाचे दाणे रुतून बसले होते.

“हा तांदूळ आहे?” त्याने विचारले.

दोघे मित्रही येऊन वाकून पाहू लागले. एखादे सोयीचे उत्तर द्यावे असे क्षणभर वाटले. पण हळद, कुंकू आणि अक्षता एकाच वेळी बर्फात कशा पडतील, हे मला सुचेना. मग मी त्या वाऱ्यात उभा राहून, माझ्या तपासून वापरायच्या इंग्रजीत, तीन स्कॉटिश माणसांना खंडेनवमी समजावून सांगितली. शस्त्रांची पूजा, मग अवजारांची, मग मिक्सरची.

कोणी हसले नाही, तेव्हा मला जास्तच काळजी वाटली. सहकाऱ्याने बँकेच्या कार्डाच्या कडेने दाणे खरवडून काढले, स्किन घडी करून थोडा वेळ जॅकेटच्या आत छातीशी धरली, मग परत चिकटवून स्कीभोवती रबरी पट्टे आवळले.

“खिंडीपर्यंत टिकेल,” तो म्हणाला.

“माघारी नाही जायचं?” मी विचारले.

“का जायचं? हिची तर पूजा झालेली आहे.”

स्किन खिंडीपर्यंत टिकली. पलीकडच्या खोलगट भागात वाऱ्याने आणून ओतलेला मऊ बर्फ होता, आणि त्या रुंद होड्यांवर मी पडत-झडत का होईना, पण तरंगत खाली आलो. दुवा द्यायचा राहिला. तिथे तळाशी सहकारी म्हणाला, “पुढच्या वर्षी माझ्या स्की तुझ्या सासूबाईंकडे पाठवू का?” ही थट्टा होती की नाही, ते मी ठरवू शकलो नाही. पण त्यातले पहिले दोन शब्द मी नीट ऐकले.

हॉटेलवर पोचल्यावर सांगलीला फोन लावला.

“केली की पूजा,” सासूबाई म्हणाल्या. “जीव ज्याच्या भरवशावर टाकायचा त्याची नको का करायला? स्कीचीच करणार होते. पण गॅरेजची चावी तुमच्या खिशात. मग कपाटातली एक पट्टी उलगडून तिची केली.”

“पण चिकट बाजूला?”

“केसांवर कुंकू ठरेना. चिकट बाजूला कसं छान बसलं.” मग त्यांनी विचारले, “घसरलात का?”

“नाही.”

“मग तक्रार कसली करता, जावईबापू?”

गोंद काढून नवा लावून घ्यायला मी त्याच दुकानात गेलो. त्या तरुणाने काही विचारले नाही, आणि मीही ईमेलचा विषय काढला नाही.

यंदा सासूबाई पुन्हा आल्या आहेत. गॅरेजची चावी आता दाराशेजारच्या खिळ्यावर असते. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सहकारी खरोखरच आपल्या स्की घेऊन दारात उभा राहिला. त्याच्या आणि माझ्या अशा दोन जोड्या आता आमच्या दिवाणखान्यात भिंतीला टेकून उभ्या आहेत. सासूबाई ताम्हण घासत आहेत. कुंकू कोणत्या बाजूला लावायचे, हे या वेळी त्यांनी मला आधीच विचारले आणि मी ते दाखवूनही दिले.

स्किन्स मात्र मी ऑफिसच्या कपाटात नेऊन ठेवल्या आहेत.