हँडलला बांधलेला हार

गाडी घ्यायला गेले तेव्हा मी मायलेज विचारलं नाही, रंगही पाहिला नाही. सीटवर बसले आणि दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतात का, एवढंच बघितलं. माझी उंची पाच फुटांच्या अलीकडेच संपते. स्कूटरवरसुद्धा सिग्नलला मी एका पायाच्या चवड्यावर उभी असायचे आणि त्या चवड्यावर उभं राहण्याचा मला मनापासून कंटाळा आला होता. ही एकशेसाठ सीसीची क्रूझर बुटकी निघाली. सीट खाली, हँडल रुंद आणि मागे वळलेलं, पुढे वारा अडवायला काच, पाय पुढे टाकून आरामखुर्चीत बसावं तसं बसायचं. शोरूममधला माणूस घाट, समुद्रकिनारे आणि लांबच्या सहली यांचं वर्णन करायला लागला. मी म्हटलं, मला करंजाड्याहून खारघरला जायचंय, रोज, आणि येताना भाजी आणायचीय. त्या बिचाऱ्याने सहलींचं पुस्तक मिटून किमतीचा कागद पुढे केला.

सोसायटीतले लोक अजूनही विचारतात, लडाखला कधी निघताय. मी सांगते, कोथिंबीर संपली की.

गाडीवर मी निवांत दिसते. बसायची पद्धतच तशी आहे, त्याला मी काय करू. आत मात्र एक बाई सतत कान टवकारून असते. चेन वाजतेय का, टायर बसलाय का, आरशात मागून काय येतंय. मुळात मी घाबरट आहे आणि ते मी लपवत नाही. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये नोकरी करून माझा स्वभाव आणखी बिघडला. तिथे दिवसभर, कुठली बाटली उघडी राहिली, कुठला नळ गळतोय, हेच बघायचं असतं. घाबरटांनी दुचाकी चालवू नये असं एकदा नवरा म्हणाला, तेव्हा मी त्याला सुनावलं होतं की घाबरटांनीच चालवावी, बाकीच्यांमुळेच तर अपघात होतात. ते बोलून झाल्यावर मीच जीभ चावली. आमच्या घरात अपघात हा शब्द कुणी उच्चारत नाही.

माझा धाकटा दीर मोटरसायकलवर गेला. काही वर्षांपूर्वी, उरणच्या रस्त्यावर, दसरा होऊन पंधरवडाही झाला नव्हता. रस्त्याच्या कडेला ट्रेलर उभा होता, त्याच्यावर मागून जाऊन आदळला. समोरच्या टपरीवाल्याने सांगितलं की पोराने वेग कमी केलाच नाही, सरळ गेला. लोक म्हणाले, तरुण रक्त, पळवली असेल. सासूबाईंनी ते कधीच मान्य केलं नाही. त्या एकच वाक्य म्हणत राहिल्या की माझा पोरगा गाडी पळवणाऱ्यातला नव्हता. तो खरंच तसला नव्हता. मीही त्याच्या मागे बसलेय, वळणावर तो बैलगाडीच्या वेगाने जायचा.

ती बातमी फोनवर आली. सासूबाई मासे साफ करत होत्या, ओल्या हातानेच त्यांनी फोन उचलला. त्यानंतर त्या फोन कानाला लावत नाहीत. आमचं उलव्याकडचं गाव विमानतळात गेलं, त्या आमच्याकडे करंजाड्याला राहायला आल्या आणि मी ही गाडी घेतली, तेव्हा आमच्यात एक नेम ठरला. त्याची चर्चा कधी झाली नाही. कॉलेजच्या पार्किंगमध्ये पोचले की मी घरी मिस्ड कॉल द्यायचा. एक रिंग, आणि बंद. एक रिंग म्हणजे पोचले. त्या वेळी सासूबाई फोनकडे बघत ओट्यापाशी उभ्या असतात हे मला नवऱ्याने सांगितलं. रिंग एकच वाजली की भाताचं आधण ठेवतात. एकीच्या दोन झाल्या तर काय, हे आम्ही कुणीच बोलून दाखवलं नव्हतं.

म्हणून माझी भीती निव्वळ माझी नव्हती. कळंबोली सर्कलला ट्रेलर शेजारून जातो तेव्हा त्याचं चाक माझ्या डोक्याएवढं वर असतं. बुटक्या गाडीचा हाच तोटा, ड्रायव्हरला आपण दिसतो की नाही याची खात्री नसते. त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर मी नसायचे. ओट्यावरचा फोन असायचा, आणि तो वाजतच राहिलेला असायचा.

सासूबाईंनी गाडीला कधी विरोध केला नाही. पहिल्या दसऱ्याला त्यांनी हार मात्र स्वतः केला. झेंडू, आंब्याची पानं आणि मध्ये भाताच्या लोंब्या. स्वतःची शेतं आता उरली नाहीत, तेव्हा त्या लोंब्यांसाठी पनवेलच्या बाजारात सकाळी सहाला जाऊन आल्या. गाडी धुतली, हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग हार हँडलच्या एका मुठीपासून दुसऱ्या मुठीपर्यंत नेऊन बांधला. त्यांचं बांधणं म्हणजे बांधणं. तरुणपणी मिठागरात गोणी शिवलेले ते हात. त्यांनी मारलेली गाठ सुरीशिवाय सुटत नाही, लोणच्याच्या बरणीचं फडकं सोडायलाही मला कात्री घ्यावी लागते. दोरा दोन्ही मुठींना पुन्हा पुन्हा गुंडाळून त्या मला म्हणाल्या, "हार हातानं काढाचा नाय, बाय. सुकला का आपसूक गलंल."

मी कशाला काढते. उलट मला बरं वाटलं. इतके दिवस गाडीबद्दल एक शब्द न बोललेल्या बाईने तो हार बांधून जणू परवानगी दिली होती. मी तो मिरवतच कॉलेजला गेले. लॅबमधल्या मुलींनी फोटो काढले.

दोन दिवसांनी परतीच्या पावसाची एक जोरदार सर आली, हार भिजला, मग ऊन पडून वाळला. त्याच आठवड्यात ॲक्सिलरेटर जड लागायला लागला. मूठ पिळली की फिरायची, पण सोडली की परत यायला आळस करायची. आता माझ्यासारखीने काय करावं? मी सगळ्यावर संशय घेतला. केबल सुकली असेल. बांधकामांची धूळ आत गेली असेल, करंजाड्यात धुळीला काय तोटा. हातमोजे जाड झाले असतील. माझं मनगट म्हातारं झालं असेल. रविवारी गॅरेजला दाखवायचं ठरवलं आणि रोज सकाळी त्या हारावरच हात ठेवून, देवा सांभाळ म्हणत निघत राहिले. हाराचा संशय काही मला आला नाही. तो तर सांभाळायला बांधलेला होता.

शुक्रवारी कळंबोलीला, सर्कल ओलांडून पुढे आल्यावर, एक रिक्षा डावीकडून घुसली. तिला चुकवून पुढे जायला मी मूठ पिळली. पुढच्या ट्रेलरचे मागचे दिवे लाल झाले. मी मूठ सोडली.

मूठ सोडली आणि काही झालं नाही. गाडी तशीच ओढत राहिली. मी ब्रेक दाबला, तरी ती ओढत होती. क्लच दाबला तर इंजिन इतक्या जोरात किंचाळलं की शेजारचा माणूस वळून बघायला लागला. ट्रेलरची मागची पट्टी, तिच्यावरचा मळका लाल-पांढरा रंग, मला अजून दिसतो. उजव्या अंगठ्याजवळचं लाल बटण आपण कधी वापरत नाही. ते बोटाला कसं सापडलं, देव जाणे. इंजिन बंद पडलं. त्या शांततेत गाडी घरंगळत कडेला गेली आणि माझे दोन्ही पाय जमिनीला टेकले. ज्यासाठी ती घेतली होती, तेवढं काम तिने केलं.

बऱ्याच वेळाने मी मुठीकडे पाहिलं. दोरा भिजून आवळला होता आणि मुठीच्या आतल्या फटीत ओढला गेला होता. त्याच्याबरोबर झेंडूच्या पाकळ्यांचा लगदा आत जाऊन वाळून दगड झाला होता. पर्समधलं नेलकटर काढून मी एकेक वेढा कापला. शेवटचा वेढा सुटला तशी मूठ टक्‌कन जागेवर गेली.

तो आवाज ऐकला आणि मला दीर आठवला.

पोराने वेग कमी केलाच नाही, सरळ गेला. दसरा होऊन पंधरवडाही झाला नव्हता. त्याच्या गाडीला हार कुणी बांधला असणार, हे विचारायची गरज नव्हती. तिथे कडेला, ट्रेलरांच्या धुरात उभी असताना मला एवढंच कळत होतं की हे त्या बाईंपर्यंत जाता कामा नये. तसं झालं असेल की नसेल, आता कुणीच सांगू शकणार नाही, पण हा प्रश्न एकदा त्यांच्या मनात शिरला की मरेपर्यंत निघणार नाही.

तेवढ्यात फोन वाजला. घरचा नंबर. माझी रिंग गेली नव्हती. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःहून कुणाला फोन लावल्याचं मला माहीत नाही. मी घेतला तर पलीकडे नुसता श्वास. मग एकदम बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "कुटं हायस, बाय?"

मी म्हटलं, आई, मी ठीक आहे, गाडीची वायर अडकली म्हणून थांबले, आता निघते. पलीकडे भाताचं आधण ठेवल्याचा आवाज आला. फोन बंद करायला त्यांना येत नव्हतं, त्यामुळे बराच वेळ मला आमच्या स्वयंपाकघरातलं पाणी उकळताना ऐकू येत राहिलं.

संध्याकाळी येताना गाढी नदीच्या पुलाजवळच्या निर्माल्य कलशात मी हार टाकला, दोऱ्याचा तुकडान् तुकडा गोळा करून. घरी पोचले तर त्या खालीच, पार्किंगमध्ये उभ्या. रिकामं हँडल पाहून त्यांनी हार कुठे गेला म्हणून विचारलं. मी वाटेत जुळवलेलं सांगितलं की ती अडकलेली वायर बदलावी लागली, गॅरेजवाल्याला हाराची अडचण होत होती, म्हणून मीच काढला. यावर चांगली बोलणी खाल्ली. हाताने काढू नको म्हटलं होतं, शिकलेल्या बायांना कशाचं काही नसतं, वगैरे. मी मान खाली घालून ऐकत राहिले. त्या रागावतायत तोवर त्यांना काही कळलेलं नाही, असा माझा हिशेब होता, आणि त्या दिवशी मला तो राग गोड लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीतून पाहिलं तर त्या गाडीपाशी होत्या. उजवी मूठ पिळत होत्या, सोडत होत्या. पुन्हा पिळत होत्या, सोडत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, वायर नीट बसवलीय का बघते. मग ते रोजचंच झालं. मी हेल्मेट घालेपर्यंत त्या मूठ फिरवून बघायच्या, ती टक्‌कन परत आली की बाजूला व्हायच्या. नवरा हसायचा, आई आता मेकॅनिक झाली म्हणायचा. मीही हसायचे. वायरची थाप पचली म्हणून मला हायसं वाटायचं. तरी कधीकधी त्या मूठ सोडून तशाच उभ्या राहायच्या, हात हवेत, आणि काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारख्या बोटं एकमेकांवर फिरवायच्या. तेव्हा मी हेल्मेटचा पट्टा उगाचच पुन्हा आवळायचे. विचारायचं धाडस होत नव्हतं.

वर्ष गेलं. यंदाचा दसरा जवळ आला तशी माझी झोप उडाली. हार बांधू नका म्हणावं तर का म्हणून सांगायचं? बांधू द्यावा तर पुन्हा तेच हात, तीच गाठ. शेवटी ठरवलं की त्या बांधतील आणि मी कोपऱ्यावर जाऊन गुपचूप सोडवीन.

दसऱ्याला त्या सकाळीच बाजारात जाऊन आल्या. लोंब्या, झेंडू, आंब्याची पानं, सगळं तसंच. गाडी धुऊन झाली, हळदकुंकू झालं. त्यांनी तयार हार हातात घेतला, हँडलपर्यंत नेला, आणि तिथून वळून माझ्या हातात दिला.

"तूच बांद," त्या म्हणाल्या. "पुढं काचेला बांद, मुठीला नको. सैल बांद."

मी त्यांच्याकडे बघितलंच नाही, मला बघवेना. म्हणजे पहिल्याच दिवशी त्यांना कळलं होतं. माझी थाप वर्षभर त्यांनीच सांभाळली होती, मी त्यांना सांभाळलं नव्हतं. मी हार पुढच्या काचेला लावला, एक साधी गाठ मारली, ओढली तर सुटेल अशी. त्यांनी पुढे होऊन ती गाठ बोटाने चाचपली. मग उजवी मूठ पिळली, सोडली, ती परत येताना बघितली, आणि माझ्याशी नाही, त्या मुठीशीच बोलल्यासारखं म्हणाल्या,

"त्याचा सैलच व्हता. मी सैलच बांदला व्हता."

मी म्हटलं, हो आई, सैलच होता.